बायरॅड्स ० आलंय, पुढे काय करायचं?

घोडबंदरवासी
आईचं वय ५४. स्तनात हाताला गाठ लागत नाही. ठाण्यात मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) केली, रिपोर्टमध्ये ‘डेन्सिटी सी, डावीकडे असिमेट्री, बायरॅड्स ०’ लिहिलंय. शून्य म्हणजे काही नाही ना? की सरळ बायोप्सी करावी? दाबताना तिला फार दुखलं, त्यामुळे पुढे नुसत्या सोनोग्राफीवर भागेल का?

पामबीच_रेडिओलॉजी
बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या निष्कर्षाला दिलेला आकडा. शून्य म्हणजे नॉर्मल नव्हे, नॉर्मलला १ देतात. शून्य म्हणजे तपासणी अर्धी राहिलीय. डेन्सिटी सी म्हणजे ऊती बऱ्याच दाट, आणि असिमेट्री म्हणजे एकाच बाजूला दिसणारी सावली. एका फोटोत दिसणारी अशी सावली बरेचदा एकावर एक आलेल्या ऊतींची असते. छोट्या पॅडलने तेवढीच जागा दाबून स्पॉट कॉम्प्रेशन काढतात, किंवा टोमोसिंथेसिस, म्हणजे थराथराने फोटो, करतात. सावली विरली तर बहुधा तिथेच प्रश्न मिटतो. तशीच राहिली, कडा काटेरी दिसल्या, तर सोनोग्राफी करून बायोप्सीची जागा ठरते. त्याआधी सुई कुठे घालणार?

जुनी मॅमोग्राफी असेल तर तिची डायकॉम सीडी (मूळ डिजिटल फोटोंची) आवर्जून न्या. सावली चार वर्षांपूर्वीही तेवढीच होती की आता नवीन आलीय, यावर निम्मा निर्णय ठरतो. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यासाठी चालत नाही.

खारघर_टेक
त्या दिवशी काखेत डिओ, पावडर नको. त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. खांदा सैल सोडायला सांगा. अंग आखडलं की तिरप्या फोटोत छातीचा स्नायू निपलच्या पातळीपर्यंत उतरत नाही, म्हणजे मागचा भाग फोटोत आलेलाच नसतो. दाब काही सेकंदांचाच असतो, पण तो कमी पडला तर ऊती पसरत नाहीत आणि जराशा हालचालीने बारीक ठिपके पुसट होतात.

पामबीच_रेडिओलॉजी
म्हणूनच नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नका. दुधाच्या नळीतच असलेल्या कॅन्सरची पहिली खूण पुष्कळदा हे ठिपकेच असतात आणि सोनोग्राफीत ते सहज निसटतात. स्वीडनमधल्या फालुनचे रेडिओलॉजिस्ट लास्लो टाबार यांनी १९७७ साली सुरू झालेल्या दोन जिल्ह्यांच्या चाचणीचे निष्कर्ष १९८५ मध्ये मांडले. मॅमोग्राफीला बोलावलेल्या ४० ते ७४ वयाच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी होते, आणि तेही प्रत्येक बाजूच्या एकाच तिरप्या फोटोवर!

बायोप्सी लागलीच, तर बारीक सुईने नुसत्या पेशी ओढणाऱ्या एफएनएसीपेक्षा १४ गेजच्या जाड सुईची कोअर बायोप्सी मागा. अख्खा तुकडा मिळतो, त्यामुळे कॅन्सर नळीबाहेर पसरलाय का, हे कळतं आणि हार्मोन वगैरेंच्या रिसेप्टरची (उपचार ठरवायला लागणारी) तपासणीही त्यावरच होते. जागा लहान असेल तर तिथे खुणेची बारीक धातूची क्लिप ठेवायला सांगा, नाहीतर नंतर सर्जनला ती सापडणं कठीण.