वाळलेला गुलमोहर दोराने उतरवायचाय, मदत हवी आहे

नाशिक, गंगापूर रोड. कंपाउंडलगतचा वाळलेला गुलमोहर शेजाऱ्यांच्या पत्र्यावर कललाय. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी मिळाली आहे. आडवा पाडायला जागा नाही, म्हणजे वरून एकेक फांदी दोराला बांधून सोडायची.

तोडणारा म्हणतो, विहिरीवरचा नायलॉनचा दोर चालेल, खाली दोघं धरतील. मला पटत नाही. फांदी हातभर मोकळी पडली तरी झटका तिच्या वजनाच्या कितीतरी पट बसतो, शिवाय नायलॉन ताणतो आणि या दोराचं मधे सूत सुटलंय. शेजारच्या आंब्याच्या बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन दोर सोडला तर भार पेलेल ना? कप्पीही आंब्यावरच बांधावी का? वाळक्या फांदीवर भरवसा नाही. पट्टा-हेल्मेट घालून काम करणारी माणसं नाशकात कुणाच्या माहितीत आहेत का? पावसाच्या आत उरकायचंय.