अनुभव धागा : प्राथमिकच्या मुलांना इतर खंड कसे शिकवता?

पहिली ते पाचवीच्या मुलांना आशियाबाहेरचे खंड शिकवणाऱ्यांनी आपापली रीत इथे मांडावी. कृती, मापं, साहित्य आणि गाडी नेमकी कुठे अडते, ते हवं आहे. राजधान्यांच्या याद्या पुस्तकात आहेतच, त्या नकोत.

ग्रामीण शाळा, तिसरी-चौथीचा जोडवर्ग

भिंतीवरच्या नकाशाआधी मैदानावरचा नकाशा घ्यावा. १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आयत आखायचा आणि त्यात एक-एक मीटरचे ७२ चौकोन पाडायचे. रेखांश ३६० आणि अक्षांश १८०, म्हणजे प्रत्येक चौकोन ३० अंशांचा झाला. सुतळी, खुंट्या, मीटर टेप आणि रांगोळी एवढं साहित्य पुरतं. चुन्याची फक्की ठळक दिसते, पण मुलांच्या डोळ्यांत आणि बोटांच्या चिरांत जाते. ती वापरायचीच तर शिक्षकांनी स्वतः टाकावी.

चौकोन पाडण्याआधी आयताचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १३ मीटर ४२ सेंटिमीटर आले तरच पुढे जा. कर्णात फरक राहिला की चौकोन तिरके होतात आणि कडेच्या रांगांत किनारा जुळत नाही. मुलांच्या हातात २ सेंटिमीटरच्या चौकोनांचा, तेवढ्याच ७२ घरांचा कागदी नकाशा द्यायचा. किनारा ज्या घरांतून जातो तीच घरं जोड्यांना वाटायची.

सुरुवात आफ्रिकेपासून करावी, कारण ती लगेच तपासता येते. तिचं उत्तर टोक ३७ अंशांवर आहे, म्हणजे विषुववृत्तापासून १ मीटर २३ सेंटिमीटर वर. दक्षिण टोक ३५ अंशांवर, म्हणजे १ मीटर १६ खाली. मग मुंबई : शून्य रेखांशापासून उजवीकडे २ मीटर ४३ आणि विषुववृत्तापासून वर ६३ सेंटिमीटर. तिथे एक रंगवलेला दगड कायमचा ठेवायचा. त्यानंतर प्रत्येक प्रश्न त्या दगडापासूनच सुटतो : ब्राझीलला जायला कुठल्या दिशेने चालायचं, वाटेत किती चौकोन पाण्याचे लागतात?

अंटार्क्टिका या नकाशात फसतो. ध्रुव हा एक बिंदू, पण इथे त्याची १२ मीटरची रेघ होते आणि सगळ्या तळाला पांढरा पट्टा पसरतो. म्हणून शेजारी ७८ सेंटिमीटर त्रिज्येचं वेगळं वर्तुळ काढून अंटार्क्टिका त्यात दाखवावा. दक्षिण ध्रुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचे साडेतेवीस अंश त्याच प्रमाणात तेवढेच भरतात.

नागपूर, चौथी

सपाट नकाशा खोटं का बोलतो, हे संत्र्यावर दाखवतात ते मोसंबीवर जमत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, अखंड निघते. फळ कोरडं पुसून मार्करने आधी विषुववृत्त, मग खंडांचे ढोबळ आकार काढायचे. शाई वाळायला पाच मिनिटं द्यायचीच, नाहीतर सगळे खंड बोटांवर येतात. साल देठाकडून उभ्या चिरा देऊन काढा आणि वहीखाली दाबा. ध्रुवांकडे फटी पडतात. त्या फटी भरायला नकाशाकार उत्तरेकडची जमीन ताणतो, हे मुलांना तिथेच दिसतं.

चिंचोके घेऊन शिकवणारे, दुसरी ते पाचवी

त्या ताणलेल्या जमिनीचा खरा आकार चिंचोक्यांनी कळतो. एक चिंचोका म्हणजे एक महाराष्ट्र, ३ लाख चौरस किलोमीटरहून थोडा जास्त. या हिशेबाने आशिया १४५, आफ्रिका ९८, उत्तर अमेरिका ८०, दक्षिण अमेरिका ५८, अंटार्क्टिका ४६, युरोप ३३, ऑस्ट्रेलिया २५. एकूण ४८५ चिंचोके लागतात. भारत जेमतेम ११.

दहा-दहाचे ढीग करून मगच खंडाच्या नावाची चिठ्ठी ठेवावी, नाहीतर दुसरीची मुलं शंभराच्या पुढे मोजणी हरवतात. शेवटी ग्रीनलंडचे ७ चिंचोके बाहेर काढा आणि भिंतीवरचा नकाशा दाखवा. पुष्कळ शाळांतल्या जुन्या नकाशांवर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या १४ पट आहे.

यात एक गैरसमज हमखास होतो. ढीग मोठा म्हणजे माणसं जास्त, असं मुलं धरून चालतात. तेव्हा अंटार्क्टिकाचे ४६ आणि युरोपचे ३३ शेजारी ठेवायचे. पहिल्यात कायमची वस्तीच नाही, दुसऱ्यात चाळीसहून जास्त देश.

पृथ्वीगोल आणि दोरा, पाचवी

पृथ्वीगोलाचा व्यास आधी मोजा. ३० सेंटिमीटरच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे ४२५ किलोमीटर. २० सेंटिमीटरचा स्वस्त गोल असेल तर ६३७. शिवणाचा दोरा ताणून धरायचा आणि पट्टीवर मोजायचा. मोठ्या गोलावर मुंबई ते नैरोबी साडेदहा सेंटिमीटर, लंडन १७, न्यूयॉर्क साडेएकोणतीस. दोरा सैल राहिला की अंतर फुगतं, म्हणून दोन मुलांनी टोकं दाबायची आणि तिसऱ्याने दोरा हलकेच सरकवून तो सर्वांत आखूड कुठे होतो ते बघायचं. न्यूयॉर्कचा दोरा नॉर्वे-स्वीडन, आइसलंडच्या बाजूने वर चढतो. विमानं इतक्या उत्तरेकडून का जातात, याचं उत्तर बोटाखालीच असतं.

उठावाचे गोल टाळावेत. या प्रमाणात एव्हरेस्टची उंची फक्त ०.२ मिलिमीटर भरते. बोटाला लागणारे डोंगर मुलांच्या मनात चुकीचं माप बसवतात.

मराठी माध्यम, शहरी शाळा, तिसरी

आमचा भर ताटावर आहे, कारण तिथे मुलं आपणहून बोलतात. उपासाचं ताट घ्यायचं. प्रत्येक पदार्थाची एक चिठ्ठी, भिंतीवर जगाचा नकाशा, टाचण्या आणि दोन रंगांचे दोरे. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणाही तिथलाच. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतातला. मिरची मेक्सिकोकडची. रताळं आणि राजगिराही अमेरिका खंडांतले. वरई मात्र आपल्या उपखंडातली. खिचडीच्या एका वाटीत अटलांटिकपलीकडचे चार जिन्नस निघतात आणि सगळे लाल दोरे नकाशाच्या डाव्या बाजूला जातात.

मग रोजचं ताट. ज्वारी, बाजरी, नाचणी, चवळी यांची मुळं आफ्रिकेत. बाजरी सहाराच्या दक्षिण कडेची, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या उंच प्रदेशातली. ही धान्यं हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे पोचली, तर मिरची, काजू वगैरे पोर्तुगीज आल्यावर. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला आणि १५१०मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेलं. या दोन तारखा फळ्यावर लिहिल्या की अमेरिकी दोरे गोव्याजवळून का फिरवायचे, ते मुलं स्वतः सांगतात.

दुसरा रंग विसरू नका. एकच दोरा लावला तर मुलं समजतात की शेंगदाणे आजही जहाजाने ब्राझीलहून येतात. म्हणून लाल दोरा ‘मूळ कुठलं’ आणि हिरवा ‘आज कुठे पिकतं’. शेंगदाण्याचा हिरवा दोरा सौराष्ट्रात जातो, साबुदाण्याचा तमिळनाडूत सेलमकडे. एका तासाला सहाच जिन्नस घ्यावेत. त्याहून जास्त झाले की दोऱ्यांचा गुंता होतो आणि कुणालाच काही वाचता येत नाही.

ताट संपलं की अंगण : गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, गोरखचिंच आफ्रिकेची. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा.

मेलबर्न, रविवारची मराठी शाळा

इथली मुलं संक्रांतीला तिळगूळ खातात आणि बाहेर कडक उन्हाळा असतो, तेव्हा दोन खंड एकत्र शिकवायला याहून चांगला दिवस नाही. १ मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची. १४ जानेवारीला मेलबर्नमध्ये सूर्य सर्वांत वर येतो तो घड्याळात साधारण दीड वाजता, कारण उन्हाळी वेळ लागू असते. सावली जेमतेम ३० सेंटिमीटर आणि ती दक्षिणेकडे. मुंबईतल्या नातेवाइकांनी त्याच दिवशी पावणेएकच्या सुमारास मोजली तर ८५ सेंटिमीटर आणि उत्तरेकडे. घड्याळातले १२ धरले तर दोन्हीकडे सावली तिरकी आणि लांब येते आणि तुलना बिघडते. म्हणून त्या वेळेच्या मागेपुढे दर दहा मिनिटांनी खडूने टोक टिपून सर्वांत आखूड सावली निवडावी.

उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते, हा समज इथे आणखी पक्का होतो, कारण पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीलाच सूर्याच्या सर्वांत जवळ असते : सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर. जुलैत १५ कोटी २० लाख. तेव्हा लगेच विचारायचं, मग महाराष्ट्रात याच वेळी थंडी का? तिथून गोल साडेतेवीस अंश कलवून टॉर्च लावा. गोल फिरवताना अक्ष कायम वर्गाच्या एकाच भिंतीकडे राहिला पाहिजे. तो टॉर्चकडे वळत राहिला तर ऋतू बदलतच नाहीत.

चौथी-पाचवी, अंटार्क्टिका

उत्तर ध्रुवावर गोठलेला समुद्र, दक्षिण ध्रुवाखाली जमीन. हा फरक दोन काचेच्या ग्लासांत दाखवता येतो. दोन्हींत सारखंच पाणी. एकात बर्फाचे चार तुकडे तरंगत, दुसऱ्यात पाण्याबाहेर दोन बोटं डोकावणाऱ्या दगडावर चार तुकडे. पातळी चिकटपट्टीवर पेनने टिपा. पहिल्यात ती हलत नाही, दुसऱ्यात वर चढते. दगड वरून सपाट हवा. बर्फ घसरून पाण्यात पडला की प्रयोग वाया. पसरट भांड्यात पातळीतला फरक दिसतच नाही, ग्लास अरुंदच घ्या.

अंटार्क्टिकावरचा बर्फ सरासरी सुमारे २ किलोमीटर जाड आहे. भारताची मैत्री (१९८९) आणि भारती (२०१२) ही केंद्रं दाखवली की मुलं विचारतात, तिथे घर बांधतात कसं? भारती जहाजावरच्या १३४ कंटेनरांपासून उभं केलंय, हे उत्तर त्यांना फार आवडतं.

नकाशे छापणाऱ्यांसाठी

जगाचे बरेच आयते नकाशे भारताची सीमा चुकीची दाखवतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून मगच प्रती काढा. ए-४ कागदावर दहा नावांपेक्षा जास्त बसवू नका.

तिसरी-चौथी, आफ्रिका

‘आफ्रिका म्हटलं की काय दिसतं’ ते आधी वहीत काढायला लावा. वाळवंट, सिंह आणि वाघसुद्धा येतो. वाघ आफ्रिकेच्या जंगलात नाही. मग तीन फोटो, नाव न सांगता : किलिमांजारोचं बर्फ, काँगोचं दाट जंगल, नैरोबीतल्या उंच इमारती. हे कुठले, असं विचारा आणि चिठ्ठ्या मैदानावरच्या नकाशावर ठेवायला सांगा. पहिली चिठ्ठी बहुतेक जण युरोपात ठेवतात. ५,८९५ मीटर उंचीचा तो डोंगर विषुववृत्तापासून फक्त तीन अंशांवर, टांझानियात आहे. नैरोबी कळसूबाईच्या शिखराहूनही उंचावर वसलंय, म्हणून विषुववृत्ताजवळ असूनही तिथे मुंबईपेक्षा गारवा असतो. ५४ देशांची नावं घोकून घेण्यापेक्षा इजिप्त, केनिया, नायजेरिया, काँगो आणि दक्षिण आफ्रिका हे पाच देश पुरे. एकेका देशाचा एक पाऊस, एक पीक आणि एक शहर घ्यावं.