बाळासाहेब खेर: मसुदा लिहिणारा मुख्यमंत्री, की वेळ निभावून नेणारा?

धागाकर्ता:
मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही हीच पदवी होती) बाळ गंगाधर खेर यांच्याविषयी दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, माणूस सज्जन होता. दुसरे, सत्ता त्यांच्या हाती नव्हती. नाव, वडिलांचे नाव आणि जन्माचे गाव रत्नागिरी, हे तिन्ही टिळकांचेच असूनही स्वभावात टिळकांचा अंश नव्हता, असाही टोमणा मारला जातो. मला वाटते, खेरांचे मोजमाप त्यांच्या व्यवसायावरून करावे. ते सॉलिसिटर होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत कोर्टापुढे उभे राहून युक्तिवाद करण्याचे काम दुसऱ्याचे असे. सॉलिसिटर अशिलाचे ऐकून घेई, कागद जुळवी आणि मसुदा पक्का करी. १९३७ ते १९३९ आणि पुन्हा १९४६ ते १९५२ या दोन कारकिर्दींत त्यांनी हेच केले, आणि त्यांची खरी भाषणे कायद्यांच्या पुस्तकात आहेत: हरिजनांना मंदिरप्रवेश, कुळांना संरक्षण, द्विभार्याप्रतिबंध, बहिष्कृत करण्यावर बंदी.

कुळाचा नातू:
आपण आरंभच सोयीच्या ठिकाणाहून केला आहे. मुंबईत काँग्रेसचा चेहरा खुर्शेद नरीमन होते, तेही वकीलच. मुंबईच्या बॅकबे समुद्रभरावातील गैरव्यवहारांवर त्यांनी तोफ डागली होती आणि प्रांतिक काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९३७ मध्ये नेतेपद त्यांना डावलून खेरांकडे आले. नरीमन यांनी सरदार पटेलांवर आरोप केला. गांधीजी आणि वकील बहादुरजी यांच्या चौकशीत निकाल नरीमन यांच्या विरुद्ध गेला, हे मान्य. तरीही ज्याला गट नाही, म्हणून जो कोणालाच डोईजड होणार नाही, असा माणूस निवडला गेला, हे नाकारता येत नाही.

आणि मसुद्यांचेच बोलायचे तर १९३८ चे औद्योगिक कलहाचे विधेयक आपण यादीतून कसे वगळलेत? तडजोडीची ठरलेली प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला तर कामगाराला तुरुंग, अशी त्यात तरतूद होती. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असे डॉ. आंबेडकरांनी विधानसभेत बजावले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला आणि त्या दिवशी गोळीबार झाला. खादीच्या टोपीखालचे सरकार गिरणी कामगारांना त्या दिवशी निराळे दिसले नसेल.

धागाकर्ता:
संपाच्या बाबतीत मी खेरांचे समर्थन करणार नाही. मात्र पहिल्या मंत्रिमंडळाला जेमतेम सव्वादोन वर्षे मिळाली. डोक्यावर गव्हर्नरचे विशेषाधिकार होते आणि महायुद्धाच्या प्रश्नावर राजीनामा देण्याचा आदेशही पक्षाचाच होता. तेवढ्यात बारडोलीच्या लढ्यात जप्त झालेल्या जमिनी मूळ मालकांना परत मिळवून देणे ही लहान गोष्ट नव्हती.

निवृत्त शिक्षक:
शिक्षणखातेही खेरांकडेच होते, त्याची आठवण करून देतो. मूलोद्योग शिक्षणासाठी (हस्तोद्योगातून शिकवण्याच्या पद्धतीसाठी) मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने नेमलेल्या समित्यांचे ते अध्यक्ष होते. परंतु दुसऱ्या कारकिर्दीत इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचा जो निर्णय झाला, त्याची किंमत खेड्यातून कॉलेजात गेलेल्या मुलांनी मोजली. ज्यांच्या घरी इंग्रजी होतेच, त्यांचे काहीच बिघडले नाही. हेतू शुद्ध होता याबद्दल मला शंका नाही, पण शुद्ध हेतूवर परीक्षेत गुण मिळत नाहीत.

जुनी सनद:
मी वकिलीच्याच बाजूने आक्षेप घेतो. मसुदा एवढा पक्का होता, तर दारूबंदीचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयात अंशतः का पडला? बालसारा खटल्यात १९५१ साली न्यायालयाने दारूबंदीचे तत्त्व उचलून धरले, पण मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. खोकल्याचे औषध आणि अत्तर यांचा विचार मसुदा लिहिणाऱ्याने नाही करायचा, तर कोणी करायचा? त्या काळी गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते, असे उत्तर येईल. मग आपला मूळ मुद्दाच ढासळतो, कारण लेखणीही खेरांची नव्हती, असे ठरते.

कुळाचा नातू:
गव्हर्नरच्या अधिकारांची सबब मला पटत नाही. जमीनमहसूल हा प्रांताचाच विषय होता. सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती, म्हणजे कोकणात कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी, रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईला आले. खेर स्वतः रत्नागिरीचे. खोत म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही विधेयक मंजूर झाले नाही. १९३९ चा कूळकायदा आला खरा, पण आरंभी तो काही जिल्ह्यांपुरताच राहिला आणि साऱ्या प्रांताला लागू व्हायला १९४६ साल उजाडले.

धागाकर्ता:
बालसारा खटल्याचा मुद्दा मी मान्य करतो, आणि मसुद्याची माझी उपमा ताणली गेली, हेही. पण खोतीचा कायदा १९४९ मध्ये झाला, तेव्हा मुख्यमंत्री खेरच होते. बारा वर्षे उशीर झाला. परंतु ज्या सरकारने आंबेडकरांच्या विधेयकाला वाट दिली नाही, त्याच्याच प्रमुखाने पुढे ती प्रथा मोडली, हे कारकिर्दीच्या हिशेबात कोठेतरी जमा करावे लागेल.

कुळाचा नातू:
जमा करा. मात्र त्या बारा वर्षांत कुळांनी खोताच्या अंगणात नेऊन घातलेले भात हिशेबाच्या ‘नावे’ बाजूला लिहायला विसरू नका.