मदत हवी आहे: जुन्या घराची चिमणी, लायनर घालायला ६,८०० डॉलर सांगतायत. खरं की गंडवतायत? (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, किचनमधली चिमणी नाही, छपरावर विटांची असते ती. बाबा तिला धुराडं म्हणतात, तेच बरोबर आहे खरं तर.

आम्ही एडिसनला राहतो, चार वर्षांपूर्वी घर घेतलं, १९५५ चं केप कॉड आहे, म्हणजे छोटंसं दीड मजली. बाहेरच्या भिंतीला लागून विटांची एकच चिमणी आहे पण आत दोन वेगळे फ्लू, म्हणजे धूर वर जायच्या वाटा आहेत, एक हॉलमधल्या फायरप्लेसचा आणि दुसरा बेसमेंटमधल्या वॉटर हीटरचा. पूर्वी घर गरम करणाऱ्या फर्नेसचा पाइपही त्या दुसऱ्यातच जायचा, पण दोन वर्षांपूर्वी फर्नेस बदलली, नवीन हाय एफिशियन्सीवाली आहे आणि तिचा पांढरा पीव्हीसीचा पाइप भिंतीतूनच बाहेर काढलाय.

तर झालं असं की गेल्या आठवड्यात टपालात कूपन आलं, ७९ डॉलरमध्ये चिमणी क्लीनिंग आणि इन्स्पेक्शन. फायरप्लेसमधून बरेच दिवस फडफड आणि चिवचिवाट ऐकू येत होता, म्हटलं चला बोलवूया. दोन मुलं आली, वीस मिनिटंसुद्धा नव्हती, छपरावर एकजण गेला आणि खाली येऊन फोनवर फोटो दाखवायला लागला, आतल्या मातीच्या नळ्या तडकलेल्या, तुकडे पडलेले. म्हणे पेटवलीत तर घर जळेल. दोन्ही फ्लूत ८ इंची स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे आतून घालायची धातूची नळी, घालायचा, आज सही केली तर ६,८००, उद्या ८,५००. शिवाय आत पक्ष्यांचं घरटं आहे ते काढायचे २०० वेगळे. नवरा ऑफिसात, माझी तर बोबडीच वळली होती, पण बाबा मध्ये पडले आणि म्हणाले त्याला सांग जावईबापू आले की ये. तो जरा चिडूनच गेला.

नंतर मी फायरप्लेसमध्ये मान घालून टॉर्च मारून वर बघितलं. आमची नळी चौकोनी आहे. फोटोतली गोल होती. आता मला काहीच कळेना.

पण सगळं खोटं म्हणावं तर बेसमेंटमध्ये चिमणीच्या भिंतीवर पांढरं पांढरं मिठासारखं फुललंय, बाबा म्हणतात लोणा लागलाय, आणि खाली जी छोटी लोखंडी झडप असते राख काढायची ती उघडली तर आत ओलसर काळा चिखल आणि खापरीचे तुकडे निघाले. मूठभर तरी असतील. आई-बाबांना बेसमेंटमधलीच खोली दिलीय, आईचा जेट लॅग तीन आठवडे झाले तरी जात नाहीये, सकाळी आंघोळ करून खाली पडते तर डोकं धरूनच उठते, त्यात हे घाण दिसलं की तिला अजून कसंतरी होतं.

लायनर खरंच लागतो का, दोन्हीकडे लागतो का, किती पैसे योग्य आणि कुणाला बोलवायचं? जुन्या घरवाल्यांनी प्लीज सांगा.

---

बटाटेवडा_डबल_चटणी: ताई एवढे पैसे कशाला घालवता, कोमट पाण्यात बेकिंग सोडा आणि लिक्विड सोप टाकून बॅफल फिल्टर रात्रभर भिजवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा, चकाचक. ऑटोक्लीनच्या नादी लागू नका.

धागाकर्ती: अहो पहिलंच वाक्य वाचा की हो :)

बटाटेवडा_डबल_चटणी: शीर्षक बघून लिहिलं. सॉरी. पण तुमच्याकडे किचन हूड आहे की नाही?

धागाकर्ती: आहे, मागच्या वर्षीच मोठा घेतला ९०० सीएफएमचा, फोडणीचा वास पार वरच्या बेडरूमपर्यंत जायचा म्हणून. पण त्याचा इथे काय संबंध?

पारावरचा_पिंपळ: संबंध आहे, आणि मला तो आवडलेला नाही. मी इथे बावीस वर्षं हीटिंग-कूलिंगच्या धंद्यात आहे. ताई, आधी एक काम करा मग बाकीचं वाचा. आईंना आजपासून वरच्या मजल्यावर झोपवा आणि बेसमेंटमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे धुरातल्या विषारी वायूचा अलार्म आहे का बघा. नसेल तर आत्ता दुकानात जा. वर आल्यावर आईंना बरं वाटतं का तेही विचारा. मला तो जेट लॅग वाटत नाही.

आता कारण. जुनी फर्नेस आणि वॉटर हीटर दोन्ही त्या फ्लूत जात होते तेव्हा फर्नेसच्या गरम धुराने चिमणी तापलेली राहायची. फर्नेस काढली, एवढासा हीटर एकटा पडला, आमच्या धंद्यात त्याला 'ऑर्फन', म्हणजे पोरका हीटर म्हणतात. हीटर ४०,००० बीटीयूचा (तासाला किती उष्णता त्याचं माप) असणार, त्याचा धूर त्या मोठ्या गार धुराड्यात वर चढता चढताच थंड होतो. गॅस जळला की पाणी तयार होतं, एक थर्म (गॅसच्या बिलातलं माप) गॅसमागे साधारण चार लिटर, ते वाफ होऊन बाहेर जायला पाहिजे, ते आतच भिंतीवर जमतं, आणि ते पाणी आंबट असतं, म्हणजे ॲसिडिक. तेच मातीच्या टाइलला आणि जोडातल्या मसाल्याला खातं. तुमचा लोणा, चिखल, खापऱ्या सगळं त्याचंच. तुमची चिमणी बाहेरच्या भिंतीवर म्हणजे तीन बाजूंनी उघडी, ती अजून गार.

आता हूड. ९०० सीएफएम म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट हवा तो घराबाहेर फेकतो. ती हवा आत कुठून तरी यायलाच हवी ना? खिडक्या बंद असतील तर सगळ्यात सोपी वाट कुठली, तर चिमणी. धूर वर जायच्या ऐवजी खाली बेसमेंटमध्ये येतो. म्हणूनच रेसिडेन्शियल कोडमध्ये ४०० सीएफएमच्या वरच्या हूडला बाहेरून हवा आत घ्यायची सोय करा असं आहे, बसवणारे सांगत नाहीत. त्यात उन्हाळा, बाहेरची हवा गरम म्हणून ओढ आधीच कमी. सकाळी स्वयंपाक आणि आंघोळी एकदम, म्हणजे हूडही चालू आणि हीटरही चालू, आणि आई खाली झोपलेल्या.

टेस्ट करायची तर हीटर चालू झाल्यावर पाच मिनिटं थांबा, खिडक्या बंद, हूड फुल्ल, बाथरूमचे पंखे आणि ड्रायर चालू. मग हीटरच्या डोक्यावर जे झाकणासारखं असतं, ड्राफ्ट हूड म्हणतात, त्याच्या कडेला उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर आला तर सगळं बंद करून खिडक्या उघडा आणि गॅस कंपनीला फोन करा. अलार्म वाजला तर टेस्टबिस्ट काही नाही, सगळ्यांनी आधी बाहेर आणि ९११.

मुळात इथे न्यू जर्सीत असं उपकरण बदललं की परमिटबरोबर चिमणी तपासल्याचा फॉर्म द्यावा लागतो. तुमची फर्नेस बदलणाऱ्याने हीटरचं काय होणार हे बघायला हवं होतं. पांढरा पाइप बाहेर काढला आणि निघून गेला.

काजळी_कंदील: +१. फायरप्लेसबद्दल मी सांगते, आमचं मॅसॅच्युसेट्सला १९३० चं घर आहे, दर हिवाळ्यात लाकूड जाळतो. ते ८ इंची लायनर दोन्हीकडे म्हणतायत ना, तिथेच हसू आलं. तुमच्या फायरप्लेसचं तोंड किती बाय किती आहे? साधारण ३६ बाय २८ इंच धरलं तर हजार चौरस इंचाच्या वर जातं, गोल फ्लू त्याच्या निदान बाराव्या हिश्शाएवढा हवा, म्हणजे ८४. आठ इंची गोल नळी जेमतेम ५० ची. पेटवलीत की सगळा धूर हॉलमध्ये, होळीच. आणि हीटरला ८ इंची म्हणजे पुन्हा तोच पोरकेपणा. शिवाय ८ बाय ८ ची टाइल असेल तर आतून सात इंचच मोकळी असते, त्यात ती नळी शिरणार कशी ते त्या पोरालाच विचारा.

तुम्ही लाकूड किती जाळता?

धागाकर्ती: चार वर्षांत पाचदा. तेही पाहुणे आले की फोटोसाठी :(

काजळी_कंदील: मग घाईच नाही. आमच्याकडे क्रिओसोट होतं, ओल्या लाकडाचं डांबर, पहिल्या वर्षी काळी काच चढल्यासारखं झालं होतं, ब्रशने निघेना. काजळीचा थर अष्टमांश इंच झाला की साफ करायचं असा हिशोब असतो. तुमच्यात चिमूटभर पण नसेल. कॅमेरा आत सोडून तपासणी करून घ्या, लेव्हल २ म्हणतात त्याला. एनएफपीए, म्हणजे आगीपासून सुरक्षेचे नियम करणारी इथली संस्था, तिचं २११ म्हणून स्टँडर्ड आहे त्याप्रमाणे घर विकताना किंवा उपकरण बदललं की ती करायची असते, तुमची दोन्ही वेळा राहिलेली दिसतेय. व्हिडिओ तुमच्यासमोर बघा, आपल्या फायरप्लेसपासून सुरू झालेला. सुटे फोटो घ्यायचेच नाहीत. सीएसआयएचं, म्हणजे चिमणीवाल्यांना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, सर्टिफिकेट असलेला माणूस बघा.

आणि ते घरटं काढू देऊ नका!! जूनमध्ये चिमणीत चिवचिवाट म्हणजे बहुतेक चिमनी स्विफ्ट, आपल्या पाकोळीची भावंडं. फांदीवर बसता येत नाही त्यांना, उभ्या भिंतीला लटकतात, काटक्या थुंकीने चिकटवून घरटं करतात. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याचं संरक्षण आहे, अंडी-पिल्लं असताना घरटं हलवणं गुन्हा. जो २०० डॉलरात काढतो म्हणाला त्याला बाकीचं किती माहीत असणार.

धागाकर्ती: अपडेट. हात थरथरतायत अजून म्हणून चुका झाल्या तर समजून घ्या.

संध्याकाळी नवरा अलार्म घेऊन आला. वरती होता आमच्याकडे, बेसमेंटमध्ये नव्हता, घर घेतलं तेव्हा तिथे कुणी झोपत नव्हतं ना. आईला वर हलवलं. आज सकाळी बाबांनी देवघरातली उदबत्ती आणली, हीटर सुरू केला, सांगितल्याप्रमाणे थांबलो. हूड बंद असताना धूर हळूहळू का होईना आत जात होता. मी वर जाऊन हूड फुल्लवर टाकला आणि खालून बाबा ओरडले. धूर सरळ त्यांच्या तोंडावर आला म्हणे, आणि ड्राफ्ट हूडखाली हात धरला तर दमट गरम वाफ. सगळं बंद केलं, खिडक्या उघडल्या, गॅस कंपनीला फोन केला. अर्ध्या तासात माणूस आला, मीटरने बघितलं, हीटरला लाल टॅग लावून गॅस बंद करून गेला. आईला लगेच अर्जंट केअरला नेलं, ती आता ठीक आहे. वर झोपायला लागल्यापासून डोकं दुखलेलं नाही. मी तीन आठवडे तिला म्हणतेय पाणी पी, ऊन घे.

आता गरम पाणी नाही, स्टोव्हवर पातेल्यात तापवून बादलीने आंघोळी चालू आहेत. बाबांना त्यात काही विशेष वाटत नाहीये.

पारावरचा_पिंपळ: बाबांना माझा नमस्कार सांगा. आता दोन रस्ते. एक, त्या फ्लूत हीटरच्या मापाचा, म्हणजे ३ किंवा ४ इंची लायनर. गॅसला ॲल्युमिनियमचाही चालतो, स्वस्त पडतो, पण मी स्टेनलेसच सांगेन. दोन, चिमणीच सोडून द्या, पॉवर व्हेंट हीटर घ्या जो पंख्याने धूर भिंतीतून बाहेर टाकतो, किंवा हीट पंपवाला इलेक्ट्रिक, म्हणजे धूरच नाही. हीटर किती वर्षांचा आहे? दहाच्या वर असेल तर त्याच्यासाठी लायनर म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल. आणि काहीही केलंत तरी हूडसाठी हवा आत यायची सोय करा, तोवर खिडकी उघडून फोडणी.

कॉन्ट्रॅक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर बघा, न्यू जर्सीत १३व्हीएच ने सुरू होतो. ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी हवं आणि सही केल्यावर तीन कामाचे दिवस रद्द करायची मुभा असते. 'आजच्या आज'वाल्याला हे नुसतं ऐकवलंत तरी पळेल.

धागाकर्ती: हीटर सहाच वर्षांचा आहे म्हणून लायनर घेतला. तीन कोटेशन आली, एक २,१५०, एक २,४०० आणि एकाने बघायला न येता फोनवरच ३,९०० सांगितले. २,४०० वाल्याला दिलं कारण त्याने आधी कॅमेरा घातला आणि आमच्याबरोबर बसून व्हिडिओ बघितला, बाबा प्रत्येक जोड मोजत होते. हीटरच्या फ्लूत वरच्या तीन टाइल्सचे जोड पूर्ण गेलेत. फायरप्लेसकडे घरट्यामुळे कॅमेरा अर्ध्यापर्यंतच नेला, तिथवर बारीक चीर एकच आहे, पिल्लं उडून गेल्यावर उरलेलं बघू म्हणाला, तोवर पेटवू नका.

काल काम झालं. वरून दोर सोडला, एकजण छपरावरून ४ इंची लवचिक नळी सोडतोय, दुसरा खालून ओढतोय, मध्येच अडकली तर वरचा शिव्या देतोय, विहिरीत पडलेली बादली काढतात तसंच. नळीभोवती चांदीच्या कागदासारखं इन्सुलेशनचं ब्लँकेट. खालच्या झडपेतून जवळजवळ दीड बादली खापऱ्या निघाल्या. परमिट काढलंय, इन्स्पेक्टर मंगळवारी येणार. उदबत्तीची टेस्ट पुन्हा केली, स्वयंपाकघराची खिडकी वीतभर उघडी ठेवली तर हूड फुल्ल असतानाही धूर सुर्रकन आत. बंद ठेवली तर मात्र अजून जरा घुटमळतो, म्हणून हूडवाल्याला पण बोलावलंय. तोवर खाली कुणी झोपत नाही.

आता शेवटचा प्रश्न. रोज आठच्या सुमारास आई-बाबा मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसतात, त्या पाकोळ्या चिमणीवर दोन घिरट्या घालून आत शिरतात ते बघायला. आई मोजते. त्यांच्यासाठी फायरप्लेसचा फ्लू उघडा ठेवलाय पण पाऊस आत जातो, वर टोपी कधी बसवू?

काजळी_कंदील: ऑक्टोबरमध्ये. तोपर्यंत त्या दक्षिण अमेरिकेच्या वाटेला लागलेल्या असतात. जाळीवाली टोपी घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी रकून येईल. तोवर डॅम्पर, म्हणजे फायरप्लेसच्या वरची झडप, लावून ठेवा म्हणजे पिल्लू खाली हॉलमध्ये पडणार नाही.

बटाटेवडा_डबल_चटणी: ताई, सगळं झालं ते छान झालं. पण हूडचे फिल्टर धुतलेत का?