लॉस्ट: सीझन १, एपिसोड ४ 'वॉकअबाउट', शेवटचा झटका म्हणजे चीटिंग आहे का? (स्पॉयलर)

रातकिडा_०७
लॉस्ट (विमान कोसळून बेटावर अडकलेल्या लोकांची ती अमेरिकन सिरियल) आत्ता पहिल्यांदाच बघतोय, हसू नका. चौथा एपिसोड संपला आणि डोकं सुन्न. बेटावर धडधाकट फिरणारा तो लॉक अपघाताआधी व्हीलचेअरवर होता?? फ्लॅशबॅकमध्ये तो जंगल-टूरवाला त्याला न्यायला नाही म्हणतो, बस निघून जाते, हा मागून ओरडत राहतो आणि मग ती खुर्ची दिसते, मी ताडकन उठून बसलो. पण बायकोचं म्हणणं की ही सरळ चीटिंग आहे, मुद्दाम अर्धवट दाखवून आपल्याला येडं बनवलं. मला पटत नाहीये पण भांडायला मुद्दे पण नाहीयेत. आधी काही हिंट होत्या का? पुढचं काही फोडू नका प्लीज.

मुग्धा_क
चीटिंग कसली, परत बघा की! फ्लॅशबॅकमध्ये लॉक एकदाही उभा दिसत नाही. बॉक्स कंपनीत टेबलाशी बसलेला, लंचमध्ये तो युद्धाचा बोर्डगेम बसून, रात्री हेलन नावाच्या बाईशी फोनवर बोलतो तेही पलंगावर. आणि सगळ्यात मोठी हिंट तर तोंडावर फेकलीये, बॉस रँडी टोमणे मारतो तेव्हा लॉक उदाहरण कुणाचं देतो, नॉर्मन क्राउचरचं, म्हणजे दोन्ही पाय गमावलेल्या गिर्यारोहकाचं! (लॉक म्हणतो तो एव्हरेस्ट चढला, खरा क्राउचर चो ओयू शिखर चढलाय, पण ते जाऊ दे.) शिवाय एपिसोड सुरू कशावर होतो? अपघातानंतर पडलेल्या लॉकच्या पायाची बोटं हलतायत. तेव्हा आपण म्हणतो बरं, जिवंत आहे.

खडूस_प्रेक्षक
हिंट होत्या हे मान्य, पण वहिनींचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही हां. किनाऱ्यावर ४८ माणसं वाचलीयेत, त्यातल्या एकालाही आठवू नये की ह्या माणसाला विमानात बसण्याआधी सिडनीला आपण खुर्चीत बघितलं होतं? एअरपोर्टवर तासन् तास बसलेले असतो आपण, समोरच्याच्या बॅगेचा रंग पण पाठ होतो. आणि मला अजून एक खटकतं, पाय चालायला लागले की लगेच माणूस सुऱ्या फेकणारा, रानडुकरं मारणारा हिरो. खुर्चीत होता तेव्हा नुसता बिचारा. तेवढं लेखकांनी सोपं करून टाकलंय.

मुग्धा_क
@खडूस बिचारा कुठे, दुसऱ्या देशात जाऊन जंगलात पायी भटकायची टूर बुक केली त्याने, तेही त्या अवस्थेत! चार वर्षं झालीत असं तो स्वतःच सांगतो. माझ्या मते हिरो तो तिथेच होता, फक्त बसमध्ये कुणी घेतलं नाही. एअरपोर्टचं मात्र बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

जुना_फॅन
रातकिडा, फक्त शिकारीचा सीन परत लावा. डुक्कर धडकतं, लॉक उताणा पडतो आणि लगेच उठत नाही, नुसता पडून राहतो. पहिल्यांदा बघताना वाटतं मुका मार लागला असेल. आता त्याचा चेहरा बघा, तो माणूस भलत्याच गोष्टीला घाबरलाय. लॉकचं काम करणाऱ्या टेरी ओक्विनला २००७ला एमी (अमेरिकन टीव्हीचं मोठं अवॉर्ड) मिळालं ते पुढच्या कामासाठी, पण मी असतो तर ह्या दोन-चार सेकंदांसाठीच दिलं असतं.

रातकिडा_०७
लावला. बायको म्हणते अभिनय चांगला आहे पण चीटिंग ती चीटिंगच 😄 आणि एअरपोर्टचा मुद्दा आता तिने उचललाय, धन्यवाद खडूसभाऊ. पाचवा लावतोय.