कुत्रा आवरायचा कोणी : मालकाने की नगरपालिकेने?

उंबरठा :

परवा लिफ्टचं दार उघडलं तर समोर लॅब्रेडॉर. मालकाच्या हातात दोरी होती, पण नीट गुंडाळलेली, पितळी कडी खाली लोंबत होती. कुत्र्याच्या गळ्यात काहीच नाही. "या, या, काही करत नाही तो." मी जिन्याने गेलो. सात मजले.

चढताना विचार करायला भरपूर वेळ मिळाला, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की कुत्रा पाळायला परवाना सक्तीचा करणं आणि सार्वजनिक जागेत दोरी किंवा मुसकं सक्तीचं करणं, हे दोन्ही अधिकार स्थानिक संस्थेकडेच हवेत. देशाचा कायदा फार तर 'प्राणी बाळगताना हयगय करू नका' एवढं सांगेल. कोणत्या बागेत सकाळी कुत्री मोकळी सोडायची आणि कोणत्या मैदानात मुळीच नाही, हे राजधानीत बसून कसं ठरणार?

हे खूळ नवीनही नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समध्ये रेल्वे कंपनीच्या गाडीखाली न्यूफाउंडलंड जातीची एक कुत्री मेली आणि मालकाने भरपाईचा दावा लावला. तिथल्या राज्याचा कायदा म्हणत होता की करपत्रकात नोंद असलेला कुत्राच मालमत्ता धरला जाईल. या कुत्रीची नोंद नव्हती. १८९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. कुत्र्यावरची मालकी गाईघोड्यांवरच्या मालकीइतकी पक्की नसते, लोकांच्या सुरक्षेसाठी शासन तिच्यावर कडक अटी घालू शकतं, असं न्यायालयाचं मत पडलं.

फिरकी_नको :

सात मजले चढलात त्याबद्दल सहानुभूती, पण दोन गोष्टींची गाठ मारलीत. दोरी सक्तीची करा, माझी ना नाही. परवाना कशाला?

परवाना काढतं कोण? जो आधीच वेळेवर लस टोचून आणतो, पिशवी घेऊन घाण उचलतो, तोच. ज्याचा कुत्रा लोकांच्या अंगावर जातो त्याने असल्या खिडकीचं तोंड कधी पाहिलेलं नसतं. ब्रिटनमध्ये कुत्र्याचा परवाना १९८७ मध्ये बंद झाला. तेव्हा शुल्क होतं ३७ पेन्स. इतकं किरकोळ, तरी जवळपास निम्मे लोक काढतच नव्हते, आणि वसुलीचा खर्च उत्पन्नाला खाऊन टाकत होता. जर्मनीत नगरपालिका कुत्र्यावर कर घेतात, पण तो पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो. रस्ता, दिवे, पगार, काहीही. कुत्र्यासाठीच खर्च करायचं बंधन नाही.

थोडक्यात, चोर सोडून संन्याशाला फाशी आणि वर संन्याशाकडूनच दोरखंडाचे पैसे.

रात्रपाळी :

मी इथे फारसा लिहीत नाही, पण 'परवाना कशाला' याचं उत्तर माझ्या पोटरीवर आहे.

रात्री कामावरून परतताना चावला. भटका नव्हता, गळ्यात निळा पट्टा स्पष्ट दिसला. मागून कोणीतरी शीळ घातली, कुत्रा वळला आणि दोघेही गल्लीत गेले. नळाखाली पाय धरून पंधरा मिनिटं साबणाने धुतला (हे लक्षात ठेवा, पट्टी बांधायच्या आधी हेच करायचं असतं) आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "कुत्रा कोणाचा?" मी गप्प.

तो प्रश्न उगीच नसतो. चावलेला कुत्रा माहितीतला असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवतात. रेबीजचा विषाणू लाळेत उतरलेला असेल तर कुत्रा तेवढ्या दिवसांत आजारी पडतो, मरतो. दहाव्या दिवशी तो धडधाकट शेपूट हलवत असेल तर उरलेल्या सुया थांबवता येतात. माझा कुत्रा सापडलाच नाही. सगळ्या सुया घेतल्या, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे महिनाभर पाणी पिताना दर वेळी घशाकडे लक्ष. एकदा लक्षणं दिसली की या रोगातून जवळजवळ कोणी वाचत नाही, हे त्या दिवसांत कुठेतरी वाचलं आणि वाचायला नको होतं असं वाटलं.

त्या निळ्या पट्ट्याला नंबर कोरलेला एक बिल्ला असता तर? शीळ घालणाऱ्याचं घर सापडलं असतं. मला दंड नको होता, त्याच्या कुत्र्याचा लसीचा कागद हवा होता.

फिरकी_नको :

रात्रपाळी, वाईट झालं. पण शीळ घालून गल्लीत पळणाऱ्याने बिल्ला लावला असता असं खरंच वाटतं?

सनद_वाचक :

अधिकार आहे की नाही हा वाद जवळपास सगळीकडे मिटलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये तर परवाने देऊन शुल्क गोळा करायचं काम कायद्याने प्राणीदया संस्थेकडे दिलं होतं. विनापरवाना दोन कुत्री बाळगणाऱ्या एका बाईंनी त्याला आव्हान दिलं, १९२० मध्ये त्या हरल्या. खरा प्रश्न अधिकार कुठे थांबतो हा आहे.

मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारायला बक्षीस ठेवलेलं होतं. डोक्यामागे पैसे म्हटल्यावर शिपाई मोकाट कशाला शोधतील? दारातली, पाळलेली कुत्रीही उचलायला लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. दंगा उसळला, दुकानं बंद झाली. नियम कागदावर ठीक होता, राबवणाऱ्याचा फायदा भलतीकडे जोडलेला होता.

दुसरी हद्द जातींची. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने २३ जातींचे परवाने देऊ नका असं पत्र राज्यांना धाडलं. महिना-दीड महिन्यात ते कोर्टात गळालं, कारण ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणंच ऐकलं नव्हतं. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी आणली आणि चावे कमी होत नाहीत म्हणून २००८ मध्ये ती मागे घ्यायचं ठरवलं. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराची पिटबुलवरची बंदी १९८९ ची. २०२० मध्ये तिथल्या मतदारांनीच ती उठवून खास परवान्याची अट आणली. उलट ब्रिटनने १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या यादीत अलीकडे एक्सएल बुली या दांडग्या जातीची भर घातली. म्हणजे यावर जगाचं एकमत नाही. मला स्वतःला कुत्र्याची कुंडली पाहण्यापेक्षा त्याचा आणि मालकाचा मागचा इतिहास पाहणं जास्त पटतं.

चार_पाय :

कुत्री शिकवणं हा माझा धंदा. वर सगळे 'आवरणं' हा शब्द एकाच अर्थाने वापरताहेत, तिथे गोची आहे.

दोरी म्हणजे दुसऱ्या टोकाला माणूस. साखळी म्हणजे दुसऱ्या टोकाला खुंटा. नियमाची भीती घातली की पुष्कळ मालक दोरी घेत नाहीत, खुंटा ठोकतात. दिवसभर सहा फुटांच्या वर्तुळात फिरणारा कुत्रा बघा कधी. मातीत गोल चर पडलेला असतो. समोरून काही आलं तर त्याला मागे हटायची सोय नसते, म्हणून तो आधी अंगावर जातो. मग एक दिवस कडी तुटते. त्यामुळे बांधून ठेवण्याच्या तासांवरही मर्यादा घालायचा अधिकार द्यायचा असेल तरच मी उंबरठ्यांच्या बाजूने.

आणि ती चक्रीतून सरसर सुटणारी लांब दोरी, तिला मी दोरी धरतच नाही. कुत्रा पाच मीटर पुढे, मालक मोबाइलमध्ये.

फिरकी_नको :

घ्या, आता तास मोजायला निरीक्षक. एकदा दार उघडलं की नगरपालिका कुठवर आत येते ते बघा. आइसलंडची राजधानी रेक्याविक, तिने १९२४ पासून शहरात कुत्रा पाळायलाच बंदी घातली होती. कारण खोटं नव्हतं, कुत्र्यांमधून माणसांत जाणारा पट्टकृमीचा रोग होता. पण रोग आटोक्यात आला तरी बंदी तशीच. साठ वर्षं! शेवटी देशाच्या अर्थमंत्र्याच्या घरातच कुत्री निघाली, आणि स्वारी म्हणाली, देश सोडेन पण कुत्री सोडणार नाही. १९८४ मध्ये बंदी सैल झाली.

उंबरठा :

पण सैल झाली ती कशाच्या अटीवर? परवाना आणि दोरी! फिरकी, तुम्ही माझंच उदाहरण मला आणून दिलंत. परवान्याची सोय नसली की शासनाच्या हातात दोनच हत्यारं उरतात, सरसकट बंदी किंवा काणाडोळा.

तुमचा ३७ पेन्सचा मुद्दा मात्र मान्य. नुसती पावती कोणी फाडणार नाही, बदल्यात काहीतरी मिळायला हवं. कॅनडात कॅलगरी शहराने हे डोकं लढवलं. परवान्याचा बिल्ला असलेला हरवलेला कुत्रा सापडला की पालिकेची गाडी तो थेट घरी आणून सोडते, कोंडवाड्याची वारी नाही. नसबंदी केलेली असेल तर शुल्क कमी. जमा पैसा याच कामाला. जातीवर बंदी नाही, पण चावला तर मालकाला जबर दंड. लोक आपणहून परवाना काढतात. शिवाय रेबीजची साखळी तोडायला साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस हवी असते. किती कुत्री आहेत हेच माहीत नसेल तर ७० टक्के कशाचे काढणार?

सनद_वाचक :

आपल्याकडची म्हण आठवली, भीक नको पण कुत्रा आवर. यात 'आवर' हे घरमालकाला उद्देशून आहे. भिकारी पाटलाकडे तक्रार घेऊन जात नाही.

रात्रपाळी :

हो, आणि भीक न घेताच परत जातो. म्हण कुत्रेवाल्यांनी केलेली नाही एवढं नक्की.

चार_पाय :

:-)

फिरकी_नको :

हा हा, बरं. हरवलेला कुत्रा घरी आणून देणार असतील तर मी शुल्क भरेन. गेल्या वर्षी फटाक्यांना घाबरून माझी कुत्री दोन रात्री बाहेर होती. लोकांच्या जिन्यांखाली वाकून हाका मारत फिरलो, कोणाला विचारायचं तेच कळत नव्हतं. पण शुल्क वेगळ्या खात्यात जाणार, आणि कुत्र्याची जात विचारणारा रकाना अर्जात नसणार, या दोन अटी. नाहीतर माझं मत पहिलंच.

उंबरठा :

पहिली अट मान्य. रकाना हरवलेला कुत्रा ओळखायला लागेल हो.

फिरकी_नको :

ओळखायला रंग आणि फोटो पुरतो.

रात्रपाळी :

तुमची तडजोड होत आली आहे म्हणून विचारतो, तो बिल्ला कुत्र्याच्या गळ्यात असणार ना? की लिफ्टमधल्या त्या दोरीसारखा मालकाच्या हातात?