मदत हवी आहे : भाचीला केमिकल इंजिनिअरिंगच करायचंय. बेळगावकडच्या मुलीनं सीईटी कुठली धरावी?

खानापुरी मामा :

नमस्कार मंडळी. भाची बेळगावात सेकंड पीयूला (म्हणजे बारावीला) आहे, सायन्स. दहावीपर्यंत खानापूर तालुक्यातल्या गावातच, मराठी माध्यमात शिकली. गणित चांगलं, केमिस्ट्री बरी.

आमचे दाजी, म्हणजे तिचे वडील, साखर कारखान्यात पॅनवर आहेत (पाक उकळून साखरेचा दाणा पाडतात ते बंद भांडं). गेल्या हंगामात पोरगी हट्टानं त्यांच्याबरोबर बॉयलिंग हाऊस बघायला गेली. दाजी पॅनमधनं सळीनं नमुना काढतात, काचेच्या पट्टीवर पसरून दिव्यासमोर धरतात आणि दाणा कसा बसलाय ते बघतात. हिचं लक्ष मात्र तापमानाच्या काट्याकडं. पॅन खदखदतंय आणि काटा सत्तरच्या आसपास, हे कसं? तिथल्या केमिस्ट साहेबांनी सांगितलं, आत व्हॅक्यूम असतो म्हणून कमी तापमानाला उकळतं, नाहीतर साखर करपून लाल होईल. झालं! तेव्हापासून घरात केमिकलचा जप सुरू आहे.

दाजी म्हणतात, मळीच्या वासातनं पोर बाहेर पडावी म्हणून शिकवतोय आणि ही परत तिथंच निघाली. कॉम्प्युटर घे, बेंगळूरला जा. एका कॉलेजात चौकशीला गेलो तर टेबलामागच्या गृहस्थांनी "प्लँट हे मुलींचं काम नव्हे" म्हणून वाटेला लावलं. ताई दोघांच्या मधे सापडली आहे आणि मला फोनवर फोन करते आहे.

केमिस्ट्री नुसती बरी असेल तर केमिकल झेपतं का? कर्नाटकाची सीईटी धरायची की महाराष्ट्राची? सीमाभागाच्या जागा असतात म्हणे, त्याचं नक्की काय? आणि मुलींना नोकऱ्या मिळतात का? जाणकारांनी सांगा की.

लोटेकर :

मामा, मी लोटे परशुरामला, कोकणातल्या केमिकल एमआयडीसीत, प्रोसेसमध्ये आहे. तुमच्या भाचीनं जो प्रश्न विचारला तोच केमिकल इंजिनिअरिंगचा प्रश्न आहे. नवा पदार्थ शोधणं हे केमिस्टचं काम. प्रयोगशाळेत बाटलीभर झालेली गोष्ट रोज टनांनी, कमी खर्चात आणि स्फोट न होऊ देता कशी करायची, हे आमचं. त्यामुळे चार वर्षांत केमिस्ट्री वाटते त्यापेक्षा कमी आणि गणित भरपूर. मटेरियल बॅलन्स, थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर, रिअ‍ॅक्शन इंजिनिअरिंग, प्रोसेस कंट्रोल. ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शन पाठ असलेली मुलं दुसऱ्या वर्षी डिफरन्शियल इक्वेशन बघून गळपटतात. हिचं गणित चांगलं आहे ना, मग झेपतंय.

तुमच्याकडचंच उदाहरण घ्या. गुऱ्हाळात काहिलीखाली चुलवाण पेटवतात आणि रसातल्या पाण्याची सगळी वाफ आभाळात जाते. कारखान्यात ती वाफ फुकट घालवत नाहीत. रस आटवायच्या बंद भांड्याला बॉडी म्हणतात. पहिल्या बॉडीतल्या रसाची वाफ दुसऱ्या बॉडीला तापवते, दुसरीची तिसरीला, आणि पुढच्या प्रत्येक बॉडीत दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो म्हणून रस कमी तापमानालाही उकळतो. चार बॉडी असतील तर एक किलो वाफेत ढोबळमानानं चार किलो पाणी उडतं. हा हीट ट्रान्सफरचा धडा दाजी रोज चालवतात, फक्त पुस्तकातलं नाव वेगळं.

मळीपासून अल्कोहोल करताना दुसरीच गंमत. साध्या डिस्टिलेशननं वजनानं 95.6 टक्क्यांच्या पुढं जाताच येत नाही, कारण तिथं वाफेतलं आणि द्रवातलं अल्कोहोलचं प्रमाण एकच होऊन बसतं. पेट्रोलमध्ये घालायचं इथेनॉल त्याहून कोरडं लागतं, म्हणून उरलेलं पाणी मॉलिक्युलर सीव्हनं शोषून घेतात. बेळगावातच हिंदाल्कोचा अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम धातूचा कच्चा माल) कारखाना आहे. तिथं बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात दाबाखाली तापवून विरघळवतात, लाल चिखल वेगळा काढतात आणि गाळलेल्या द्रावणातनं अ‍ॅल्युमिनाचं हायड्रेट खाली बसवून घेतात. म्हणजे साखर, दारू, धातू सगळीकडं हीच विद्या.

नोकरीचं खरं सांगतो. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी, आणि गाव मिळतं ते महाड, तारापूर, अंकलेश्वर, दहेज असं. शिफ्ट चुकत नाही. पण आमच्याकडं प्रोसेस सेफ्टी, डिझाइन, क्वालिटी, पर्यावरण या खात्यांत मुली आहेत आणि प्लँटवरही आहेत. त्या टेबलामागच्या गृहस्थांना शेवटचा प्लँट कधी बघितला ते विचारायला हवं होतं.

बेंगळूरवासी :

दाजी बरोबर आहेत. मी स्वतः केमिकल करून आता कोडिंग करतो. वर्गातले निम्मे तिकडंच गेले. शेवटी तिथंच जायचं तर सरळ सीएस घ्या.

लोटेकर :

निम्मे गेले म्हणजे निम्मे राहिले की. त्यांनाही विचारा.

सीमेवरची :

मामा, मी निपाणीची, सध्या कोल्हापुरात केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला. सीमाभागाच्या कोट्यातूनच आले आहे, म्हणून कागदांचं सांगते.

महाराष्ट्राच्या कॅप प्रवेशात (सरकारची एकत्रित प्रवेश प्रक्रिया) आपल्यासाठी टाइप ई हा गट आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून शिकलेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी त्यात बसतो. महाराष्ट्र सरकार ज्या 865 गावांवर हक्क सांगतं त्यांत आपला भाग येतो. सीमाभागाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले लागतात, आणि ते सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत छापलेल्या नमुन्यातच हवेत. साध्या लेटरहेडवर आणलेले कागद घेऊन परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्या वर्षीची पुस्तिका स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

दोन्ही परीक्षा देऊ द्या, पण फरक ओळखून. कर्नाटकाच्या सीईटीत रँक लावताना पीयूसीचे विषयांचे गुण 50 टक्के आणि सीईटीचे 50 टक्के धरतात, म्हणून बोर्डाकडं दुर्लक्ष चालत नाही. महाराष्ट्राची रँक सीईटीच्या पर्सेंटाइलवर, त्यातही गणिताच्या प्रश्नाला दोन गुण आणि फिजिक्स-केमिस्ट्रीला एक. तुमच्या भाचीला हे सोयीचं आहे! पण प्रश्न महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर असतात, तेव्हा ती पुस्तकं आत्ताच आणा. दोन्हीकडं निगेटिव्ह मार्किंग नाही.

कर्नाटकात पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकल्याचं रूरल आरक्षण मिळतं, तोही दाखला काढून ठेवा. इथं मराठी शाळा आड येत नाही. व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकाच्या तांत्रिक विद्यापीठाचं, मुख्यालय बेळगावात असलं तरी केमिकल शाखेसाठी तुमकूर, बेंगळूरचीही कॉलेजं यादीत ठेवा. महाराष्ट्रात कोल्हापूर, वारणानगर, लोणेरे, पुणे आहेत. पर्सेंटाइल फारच वर गेलं तर माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी). 1933 साली सुरू झालेली, या विषयातलं मोठं नाव.

लोटेकर :

आणखी एक. तिला एक गणित घाला. 15 ब्रिक्सचा (वजनानं शंभरात 15 भाग विरघळलेले घन पदार्थ) 100 टन रस आटवून 60 ब्रिक्सचा पाक करायचा, तर पाणी किती उडवायचं? उत्तर आलं की नाही यापेक्षा पुढं काय विचारते ते बघा.

खानापुरी मामा :

सगळ्यांचे आभार. रात्री जेवताना गणित घातलं. ताटातला भात तसाच ठेवून तिनं मोबाईलच्या खोक्यावर मांडलं : साखर आणि बाकी घन पदार्थ 15 टन, म्हणून पाक 25 टन, पाणी 75 टन. लगेच पुढचं, चार बॉडी असतील तर वाफ 19 टनांच्या आसपास लागेल ना? इतका वेळ गप्प बसलेले दाजी म्हणाले, "जास्त लागते. रस उकळीला आणायची वाफ कुठं धरलीस? आणि बॉडीच्या नळ्यांना पापुद्रा धरला की अजून वाढते." मग पापुद्रा का धरतो यावरनं बापलेकीचं जे सुरू झालं, ते ताईनं ताटं उचलली तरी थांबलं नाही. होकार दिलेला नाही अजून. पण महाराष्ट्र बोर्डाची पुस्तकं बेळगावात कुठं मिळतील ते आज सकाळी त्यांनीच मला विचारलं.

सीमेवरची ताई, मातृभाषेचा दाखला दहावीच्या शाळेतनं काढायचा की पीयू कॉलेजातनं? शाळेला मेची सुट्टी लागायच्या आत काढून ठेवावा म्हणतो.